घरचं सोलर, घरची बॅटरी आणि दारातली इलेक्ट्रिक गाडी: चार्जिंगची सेटिंग्ज कशी ठरवावीत

गाडी दारात आली आहे, छतावर सोलर आहे, जिन्याखाली लिथियमची बॅटरी बसवली आहे आणि चार्जरच्या अ‍ॅपमध्ये ‘फास्ट’, ‘इको’, ‘सोलर ओन्ली’, ‘शेड्यूल’ असे पर्याय दिसतायत. कुठला निवडायचा, हे बसवणारा माणूस सहसा सांगत नाही. तो वायफाय जोडून, एकदा चार्जिंग चालू करून दाखवतो आणि निघून जातो. मग आपण यूट्यूबवर शोधतो आणि गोंधळ तिथूनच वाढतो. ते बहुतेक व्हिडिओ ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियातल्या घरांसाठी केलेले असतात. तिकडे रात्रीची वीज स्वस्त मिळते आणि सोलरची वीज ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनवर, दिली तर फारसे पैसे येत नाहीत, म्हणून त्यांची सगळी सेटिंग्ज त्या हिशोबाने बेतलेली असतात. महाराष्ट्रात नेट मीटर (ग्रिडला दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करणारं मीटर) असलेल्या घराचा हिशोब जवळजवळ उलटा आहे.

आमच्याकडे स्वतंत्र घर आहे, ३ किलोवॉटचं सोलर, ५ युनिटची बॅटरी आणि रोजच्या वापराची एक गाडी. हे सगळं जुळवताना जे समजलं ते क्रमाने लिहितोय. सोसायटीत राहत असाल तर पार्किंगचं मीटर, समितीची परवानगी हे वेगळेच विषय येतात, ते इथे घेतलेले नाहीत.

आधी हे जवळ ठेवा

- मागच्या १२ महिन्यांची वीजबिलं (महावितरणच्या संकेतस्थळावर ग्राहक क्रमांक टाकून मिळतात)
- नेट मीटरिंगचा करार
- सोलर इन्व्हर्टरचं (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) मॉडेल आणि त्याच्या अ‍ॅपचं लॉगिन. बसवणाऱ्याने स्वतःच्याच खात्यावर ठेवलं असेल तर मागून घ्या. ते तुमचंच आहे.
- गाडीच्या पुस्तिकेतले दोन आकडे: ऑनबोर्ड (गाडीच्या आतला) चार्जर किती किलोवॉटचा आणि बॅटरी कुठल्या रासायनिक प्रकारची, एलएफपी की एनएमसी
- चार्जरची पुस्तिका, त्यातही ‘करंट लिमिट’ आणि ‘सीटी’ (वायरमधली वीज मोजणारी कडी) ही पानं
- घरच्या वायरिंगचा आराखडा. नसेल तर वायरमनला बसवून कागदावर काढून घ्या: मीटरपासून मेन स्विच, तिथून इन्व्हर्टर, बॅकअपची (लाइट गेल्यावरही चालू राहणारी) लाइन आणि चार्जर.

शेवटचा कागद सगळ्यात जास्त उपयोगाचा आहे. पायरी ४ मधलं सगळं त्यावरच अवलंबून आहे.

१. अ‍ॅप बाजूला ठेवा, बिल उघडा

चार्जिंगची सेटिंग्ज बिलाच्या पद्धतीवरून ठरतात. तुमचं घर खालच्यापैकी कुठल्या प्रकारात बसतं ते बघा.

*साधं नेट मीटर.* दिवसा ग्रिडला दिलेलं युनिट संध्याकाळी घेतलेल्या युनिटातून वजा होतं. जास्तीची युनिटं पुढच्या महिन्यात जमा राहतात. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपलं की उरलेल्या युनिटांचे पैसे मिळतात, पण तुम्ही वीज विकत घेता त्यापेक्षा बऱ्याच कमी दराने. या घरात ग्रिड हीच तुमची मोठी बॅटरी आहे. गाडी दुपारी लावा की रात्री, युनिटाला युनिट वळतं होतं.

*स्मार्ट मीटर आणि तासांप्रमाणे दर.* महावितरणने १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत सुरू केली. बिलावर असे तासांचे गट दिसत असतील तर दिलेली युनिटं कुठल्या गटातल्या वापरातून वजा झाली आहेत ते ओळीने तपासा. दिवसाची युनिटं दिवसाच्याच वापरातून वजा होत असतील तर गाडी दिवसा लावण्यात सरळ फायदा आहे.

*नेट मीटर नाही.* सोलर आहे, पण इन्व्हर्टर ‘झिरो एक्स्पोर्ट’वर चालतो, म्हणजे बाहेर वीज सोडत नाही. घरात खप नसेल तेव्हा तो पॅनेलचं उत्पादनच कमी करतो. या घरात दुपारची गाडी म्हणजे जवळपास फुकट किलोमीटर आहेत.

आणखी एक गोष्ट तपासा. घरगुती दराचे टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे आहेत. गाडीमुळे वाढलेली युनिटं तुमच्या सगळ्यात वरच्या, म्हणजे सगळ्यात महाग टप्प्यात जाऊन पडतात. त्यामुळे ‘युनिटचा सरासरी दर’ धरून गाडीचा खर्च काढू नका, शेवटच्या टप्प्याचा दर धरा.

सापळा: गाडीसाठी वेगळं मीटर घेण्याचा सल्ला बरेच जण देतात, कारण चार्जिंग स्टेशनचा दर वेगळा असतो. पण सोलरचं नेट मीटर घरच्या जोडणीवर असतं. गाडी दुसऱ्या मीटरवर गेली की छतावरची युनिटं तिच्या बिलातून वजा होणार नाहीत. घरगुती मीटरवरून स्वतःची गाडी चार्ज करायला काही आडकाठी नाही. सोलर असेल तर माझं मत स्पष्ट आहे: गाडी घरच्याच मीटरवर ठेवा.

२. गाडीला खरंच किती लागतं ते काढा

मध्यम आकाराची इलेक्ट्रिक गाडी आपल्या रस्त्यांवर १ युनिटला साधारण ६ ते ७ किलोमीटर जाते. महिन्याला १,००० किलोमीटर धरले तर १५० युनिटांच्या आसपास. चार्जिंग होताना १० ते १५ टक्के वाया जातात, म्हणून मीटरवर १७० धरा. दिवसाला पावणेसहा युनिटं.

आता छताकडे बघा. महाराष्ट्रात १ किलोवॉट पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिटांच्या आसपास देतात. ३ किलोवॉटचे १२. त्यातली निम्मी गाडी खाणार आणि उरलेल्या निम्म्यात घर भागवायचं. घरात एसी आणि गीझर असेल तर ते भागत नाही. सोलर अजून लावायचंच असेल तर गाडी धरून आकार ठरवा. पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान ३ किलोवॉटला ७८,००० रुपयांवर थांबतं, त्यामुळे बसवणारेही ३ वरच थांबतात. गाडी येणार असेल तर चौथा-पाचवा किलोवॉट अनुदानाशिवायही विचारात घेण्यासारखा आहे.

या गणितातून आणखी एक गोष्ट कळते. रोजची सहा युनिटं भरायला ७.२ किलोवॉटचा वेग लागतच नाही. १० अँपिअरवर अडीच-पावणेतीन तास पुरतात.

३. अँपिअर ठरवा

माझ्या मते सगळ्यात जास्त फरक याच सेटिंगने पडतो, आणि हेच सगळ्यात कमी लोक हात लावून बघतात.

घरच्या चार्जिंगच्या मानकात किमान करंट ६ अँपिअर आहे. सिंगल फेजवर २३० व्होल्टने गुणलं की १.४ किलोवॉट. यापेक्षा कमी वेगाने गाडी चार्जच होत नाही. १० अँपिअर म्हणजे २.३ किलोवॉट, ३२ अँपिअर म्हणजे ७ च्या पुढे. थ्री फेज चार्जर तिन्ही फेजवर किमान ६ घेतो, म्हणजे सुरुवातच ४.१ किलोवॉटला. ३ किलोवॉटच्या छतावर थ्री फेज चार्जरचं ‘सोलर ओन्ली’, म्हणजे फक्त शिल्लक सोलरवरचं चार्जिंग, कधीच सुरू होणार नाही. असा चार्जर असेल तर त्याला एकाच फेजवर चालवायची सोय आहे का ते पुस्तिकेत शोधा.

३ किलोवॉटचं सोलर भर दुपारी प्रत्यक्षात सव्वादोन-अडीच किलोवॉटच देतं, कारण पॅनेल तापलेले असतात आणि थोडी धूळ असतेच. फ्रिज, पंखे, वायफाय यात तीनचारशे वॉट जातात. उरले २ किलोवॉट, म्हणजे ८ ते ९ अँपिअर. गाडीबरोबर आलेला १५ अँपिअरच्या सॉकेटचा चार्जर बहुधा ठरलेलाच करंट घेतो, ३.३ किलोवॉटच्या आसपास. तो लावला की एक-सव्वा किलोवॉट ग्रिडमधून येणारच. काही गाड्यांच्या पडद्यावर करंट कमी करता येतो. तुमच्या गाडीत ती सोय असेल तर ८ किंवा १० वर ठेवा.

अगदी ६ वर मात्र सतत ठेवू नका. चार्जिंग चालू असताना गाडीचे आतले पंप आणि इलेक्ट्रॉनिक्स ठरावीक वीज खातातच. वेग जितका कमी तितका वेळ जास्त आणि तितकी ती गळती जास्त. ८ ते १० हा मधला मार्ग चांगला आहे.

वरची मर्यादाही बघा. महावितरणचा मंजूर भार बिलावर छापलेला असतो. तिथे ३ किंवा ५ किलोवॉट असेल आणि तुम्ही ७.२ चा चार्जर गीझरबरोबर चालवलात तर मेन एमसीबी पडेल. आधी भार वाढवून घ्या. चार्जरमध्ये ‘लोड बॅलन्सिंग’ असेल तर त्यात मंजूर भाराच्या थोडा खालचा आकडा भरा, म्हणजे घरातला खप वाढला की चार्जर आपोआप मागे सरतो.

४. बॅटरी आणि गाडी यांचं भांडण मिटवा

इथे जरा सावकाश वाचा. बहुतेक घरांत गाडं इथेच अडतं.

हायब्रिड इन्व्हर्टर, म्हणजे सोलर आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा, मीटरजवळच्या वायरवर एक छोटी कडी लावतो. तिला सीटी म्हणतात. त्या वायरमधून वीज आत येतेय की बाहेर जातेय हे तिला कळतं. ‘सेल्फ यूज’ या सेटिंगवर इन्व्हर्टरचं एकच ध्येय असतं: तिथला आकडा शून्यावर आणायचा. बाहेर जायला लागली की बॅटरी भरायची, आत यायला लागली की बॅटरी रिकामी करायची. तुमच्या चार्जरचीही अशीच एक कडी तिथेच असते आणि तो ‘बाहेर जाणारी वीज’ दिसण्याची वाट बघतो.

म्हणून सकाळी दहा वाजता काय होतं बघा. पॅनेलमधून २ किलोवॉट येतायत, सगळे बॅटरीत जातायत. मीटरपाशी शून्य. चार्जर म्हणतो, शिल्लक नाही, आणि गाडी उभी राहते. बॅटरी भरेपर्यंत दुपार होते. संध्याकाळी त्याच्या उलट होतं. तुम्ही ऑफिसातून येऊन गाडी लावता, मीटरवर वीज आत यायला लागते, इन्व्हर्टर ती घरची गरज समजून बॅटरी ओतायला लागतो. दोन तासांत बॅटरी रिकामी, आणि रात्री लाइट गेली की घर अंधारात.

५ युनिटच्या बॅटरीतून गाडीला फार तर पंचवीस-सत्तावीस किलोमीटर मिळतात. शिवाय पॅनेलची वीज बॅटरीत जाताना आणि बाहेर येताना मिळून दहा-पंधरा टक्के जाते, पुन्हा गाडीत भरताना तेवढीच. पॅनेलवरच्या १० युनिटांतली आठसुद्धा चाकापर्यंत पोचत नाहीत. घरची बॅटरी गाडीत ओतू नये, याबद्दल माझ्या मनात अजिबात शंका नाही.

यावर तीन उपाय आहेत. एकच करा, तिन्ही एकत्र नकोत:

अ) *चार्जर कडीच्या बाहेर घ्या.* चार्जरची लाइन मीटर आणि इन्व्हर्टरची सीटी यांच्या मधल्या भागातून काढायची. इन्व्हर्टरला मग गाडी दिसतच नाही, म्हणून तो तिच्यासाठी बॅटरी उपसत नाही. चार्जरची स्वतःची कडी मात्र मीटरच्या अगदी जवळ, सगळ्यांच्या आधी हवी. वायरमनचं तासाभराचं काम आहे आणि मला हाच उपाय सगळ्यात पक्का वाटतो.

आ) *वेळा बांधा.* इन्व्हर्टरच्या ‘टाइम ऑफ यूज’ (वेळेप्रमाणे चालवण्याच्या) सेटिंगमध्ये गाडी चार्ज होण्याच्या तासांत बॅटरीचा डिस्चार्ज बंद ठेवा.

इ) *बॅटरीची राखीव पातळी चढवा.* ‘बॅकअप रिझर्व्ह’ ८० टक्क्यांवर ठेवा. साधं नेट मीटर असलेल्या घरात हे चालतं, कारण तिथे रोज बॅटरी भरून रिकामी करण्यात पैशांचा फायदाच नाही. ग्रिडला दिलेलं युनिट पूर्ण परत मिळतं, बॅटरीतून परत येताना घट होते. अशा घरात बॅटरीचं काम लाइट गेल्यावर घर चालवणं, एवढंच.

कडी उलटी लावलेली असेल तर सगळंच उलटं दिसतं. तपासायची सोपी पद्धत: रात्री, सोलर शून्य असताना आणि बॅटरीचा डिस्चार्ज बंद ठेवून गीझर लावा. अ‍ॅपवर ‘इम्पोर्ट’ २ किलोवॉटने वाढायला हवं. ‘एक्स्पोर्ट’ दिसलं तर कडी फिरवून घ्या.

५. चार्जरचा मोड निवडा

*साधं नेट मीटर:* ‘शेड्यूल’, १० अँपिअर. गाडी दिवसा घरी असेल तर सकाळी १०.३० ते ३. नसेल तर रात्री ११ नंतर निवांत लावा, बिलात फरक नाही. संध्याकाळी ७ ते १० टाळा. उन्हाळ्यात त्या वेळी व्होल्टेज आधीच पडलेलं असतं. दिवसाचा एक छुपा फायदा असा की गल्लीत बरीच सोलर असतील तर दुपारी व्होल्टेज चढतं आणि मर्यादेबाहेर गेलं की इन्व्हर्टर बंद पडतो. तेव्हा गाडी लावलेली असेल तर तेवढा भार तुमच्याच घरात खपतो.

*तासांप्रमाणे दर:* ९ ते ५ च्या आतलं शेड्यूल. रोज ऑफिसला जाणाऱ्यांनी शनिवार-रविवारी मोठं चार्जिंग करावं. आठवड्याची चाळीस युनिटं दोन दुपारींत १५ अँपिअरवर जवळजवळ बसतात.

*नेट मीटर नाही:* इथे ‘सोलर ओन्ली’ फसवतो. इन्व्हर्टर बाहेर वीज सोडतच नाही, त्यामुळे चार्जरला शिल्लक कधी दिसतच नाही. शेड्यूलच लावा, करंट ८ वर ठेवा, मग गाडीने मागितलं की इन्व्हर्टर उत्पादन वाढवतो.

‘सोलर ओन्ली’ वापरायचाच असेल तर त्यातल्या दोन वेळा नीट भरा. शिल्लक किती मिनिटं टिकली की सुरू करायचं आणि किती मिनिटं कमी पडली की थांबायचं. दोन्हीकडे किमान पाच मिनिटं द्या. नाहीतर ढगाळ दिवशी चार्जरचा कॉन्टॅक्टर (वीज जोडणारा-तोडणारा आतला स्विच) सारखा खटखट वाजत राहतो, तो झिजतो आणि काही गाड्या वारंवार थांबल्यावर पुन्हा सुरूच होत नाहीत.

शेड्यूल गाडीत किंवा चार्जरमध्ये, एकाच ठिकाणी ठेवा. दोन्हीकडे वेगवेगळ्या वेळा असतील तर सकाळी गाडी रिकामीच सापडेल.

६. गाडीची टक्केवारी

ही मर्यादा गाडीतच घाला. एनएमसी बॅटरीला रोज ८० टक्के पुरे. एलएफपीला पूर्ण भरणं चालतं, आणि टक्केवारीचा अंदाज बरोबर राहावा म्हणून अधूनमधून १०० पर्यंत न्यावीच लागते. किती दिवसांनी ते कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे करा. ते मोठं चार्जिंग रविवारच्या दुपारी ठेवा.

७. अर्थिंग आणि लाइट जाणं

चार्जर लाल दिवा दाखवून ‘अर्थ फॉल्ट’ म्हणत असेल तर सेटिंग्ज चाळत बसू नका. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधलं व्होल्टेज मोजून घ्या. ते दोन-तीन व्होल्टच्या आत असावं. जास्त असेल तर चार्जरसाठी वेगळा अर्थिंगचा खड्डा करून घ्या आणि उन्हाळ्यात त्यात पाणी टाकत जा. माती कोरडी पडली की मार्चपर्यंत नीट चालणारा चार्जर मेमध्ये रुसतो. चार्जरला स्वतःची आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) हवी, डीसी गळती ओळखणारी. ती चार्जरच्या आत आहे की बाहेर लावायची, हे विकत घेतानाच विचारा. ३२ अँपिअरला किमान ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, अंतर लांब असेल तर १० ची.

बॅटरी नसलेलं साधं सोलर लाइट गेली की बंद होतं, कितीही ऊन असलं तरी. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ते तसंच असायला हवं. हायब्रिड इन्व्हर्टर घर चालू ठेवतो, पण चार्जर त्याच्या बॅकअप लाइनवर देऊ नका. ५ किलोवॉटच्या इन्व्हर्टरवर ७.२ चा चार्जर सुरू झाला की सगळं घर बंद पडेल. शिवाय बॅकअपवर असताना काही इन्व्हर्टरमध्ये न्यूट्रल-अर्थची जोडणी तुटते आणि चार्जर अर्थ फॉल्ट दाखवतो. चार्जर बिघडला समजून लोक तक्रार करतात, तंत्रज्ञ येईपर्यंत लाइट आलेली असते आणि त्याला काहीच सापडत नाही.

८. वर्षातून तीनदा सेटिंग्ज बदला

जूनच्या पहिल्या पावसाबरोबर ‘सोलर ओन्ली’ बंद करून शेड्यूलवर या. जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन निम्म्यावर आणि काही दिवस त्याच्याही खाली येतं. बॅटरीची राखीव पातळी वाढवा, कारण लाइटही याच दिवसांत जास्त जाते.

दसऱ्याच्या सुमारास आकाश मोकळं झालं की पॅनेल धुऊन घ्या आणि आधीच्या सेटिंग्जवर परत या.

फेब्रुवारीचं बिल आलं की जमा युनिटांचा आकडा बघा. शंभरच्या वर शिल्लक असतील तर ती ३१ मार्चला स्वस्तात देण्यापेक्षा गाडीत घाला. मार्चमध्ये बाहेरच्या फास्ट चार्जरवर जाणं टाळा, गाडी घरीच भरा, दोन गाड्या असतील तर पेट्रोलची उभी ठेवा. मात्र मीटर वाचनाची तारीख बघून हे करा. महिन्याच्या मधल्या तारखेला वाचन होत असेल तर त्यानंतरचा खप पुढच्या बिलात जातो.